रमाबाई नाशिकास आल्या तेव्हा

नाशिकचे नाव निघाले की परगावच्या माणसास प्रथम रामकुंड आठवते, मग काळाराम, मग त्र्यंबकेश्वराची वाट आणि अलीकडे द्राक्षे. आपल्या गावात कोण कोण येऊन गेले याची यादी सांगू लागले तर प्रभू रामचंद्रांपासूनच सुरुवात करावी लागेल. त्या थोर यादीत एक नाव मात्र सहसा कोणी घेत नाही, आणि मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत ते यावे असे मला फार दिवस वाटत होते. ते नाव रमाबाई रानडे यांचे.

रमाबाई म्हटले की आपल्याला सेवासदन आठवते. ज्या भगिनींनी २०१२ साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका न चुकता पाहिली, त्यांना त्यांचे बालपणही तोंडपाठ आहे. पण १८७८ साली त्या प्रथम नाशिकास आल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही संस्था नव्हती. त्या सोळा वर्षांच्या होत्या, आणि गावाच्या लेखी नव्या न्यायाधीशांची तरुण बायको एवढीच त्यांची ओळख होती. नाशिकचा तो मुक्काम दीड वर्षाचाही नसेल. तरी त्यांच्या आयुष्यातली पहिली मोकळी हवा त्यांना मिळाली ती आपल्या गोदाकाठी, असे मला वाटते. हे माझे नाशिकप्रेम बोलते आहे असे कोणी म्हणेल. त्याला माझी हरकत नाही.

पण नाशिकची गोडी कळावयास आधी पुण्याची चव सांगितली पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. (जाता जाता सांगते, यशवंतराव चव्हाणही याच देवराष्ट्र्याचे, आणि १९६३ साली लोकसभेवर ते बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकातून! गावागावांचेही काही ऋणानुबंध असतात.) डिसेंबर १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या यमुनेचे लग्न झाले. वर होते माधवराव रानडे, वय एकतीस, सरकारी न्यायखात्यातले मोठे विद्वान अधिकारी, आणि विधवाविवाहाचे नामांकित पुरस्कर्ते. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती. आता हा सुधारक मुलगा एखाद्या विधवेशीच लग्न लावून बसेल या भीतीने वडिलांनी घाईघाईने कुमारिका पाहिली आणि कार्य उरकले. माधवरावांच्या मनात ते नव्हते, पण वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. बाहेर मित्र हसले, वर्तमानपत्रांनी टोचले. ज्याने इतरांना विधवाविवाहाचा उपदेश केला त्यानेच अकरा वर्षांची पोर करून आणली, ही टीका त्यांना जन्मभर पुरली, आणि ती खोटी नव्हती.

या सगळ्यात त्या पोरीला कोणी काही विचारले नव्हते, हे सांगावयास नकोच. तिला एकाच वेळी शहर नवे, घर नवे, माणसे नवी आणि स्वतःचे नावही नवे झाले. खेड्यातून आलेल्या त्या मुलीला अक्षरओळख नव्हती. लग्नाच्या दिवशी माधवराव कोणाशी धड बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. पण लगेच त्यांनी तिच्या हाती पाटी दिली आणि रोज रात्री दोन दोन तास तिला शिकवू लागले. आपल्या मनाविरुद्ध झालेल्या लग्नाचे काय करावे, याचे त्यांनी काढलेले हे उत्तर. पुढे घरी शिक्षिकाही येऊ लागल्या. वाचन आले, लेखन आले, गणित आले आणि मग इंग्रजीची पहिली अक्षरेही आली.

पुण्याच्या त्या पहिल्या भेटीतले सुख हे एवढेच, आणि ते रात्रीचे. दिवस उजाडला की माजघरात दुसरे राज्य सुरू होई. घरात सासूबाई, नणंद आणि नात्यातल्या इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने नवऱ्याजवळ बसून पुस्तक वाचावे हे त्यांच्या दृष्टीने बेशरमपणाचे होते. एकदा भांडी घासता घासता इंग्रजी वर्तमानपत्राचा एक कपटा रमाबाईंच्या हाती आला. शिकलेली अक्षरे जुळतात की काय ते पाहावयास त्या वाचू लागल्या. सासूबाईंनी ते पाहिले. पुढे जे झाले ते प्रत्येकीने आपल्या मनाशी चितारावे; आपल्या आजी-पणजींच्या घरांतून अशा प्रसंगांना तोटा नव्हता. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलीला, आपण खरोखरच काही पाप करीत आहोत की काय, अशी शंका येऊ लागली.

येथे मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. एक अशी की त्या बायकांना दुष्ट म्हणून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. नणंद दुर्गाबाई या बालविधवा. जिला स्वतःला आयुष्यात काही मिळाले नाही, तिच्या डोळ्यांसमोर कालची आलेली पोर नवऱ्याकडून शिकते आहे, तेव्हा तिचे मन कसे जळत असेल? शास्त्राचा आधार घेऊन ती बोलत असेल, पण आत दुःख दुसरेच असावे. दुसरी गोष्ट अशी की मला राग येतो तो माधवरावांचा. सभेत सिंहासारखा बोलणारा माणूस घरात मात्र मौन धरून असे. वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये, त्यांची मने दुखवू नयेत, हळूहळू सगळे निवळेल, असे त्यांचे धोरण. धोरण उदात्त खरे, पण त्याची किंमत कोण देत होते? रात्री धडा घ्यावयाचा त्यांनी, आणि सकाळी टोमणे खावयाचे रमाबाईंनी! थोर माणसाच्या श्राद्धदिनी असे बोलू नये म्हणतात. पण ही स्मरणिका बायकांची आहे, येथे तरी बोलावे.

तर जे माधवरावांनी पुण्यात केले नाही ते एका बदलीच्या हुकमाने केले. १८७८ साली त्यांची नाशिकास फर्स्ट क्लास सबॉर्डिनेट जज्ज म्हणून नेमणूक झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेवर त्यांचे वजन फार, म्हणून सरकारला ते पुण्यात नको होते की काय, याविषयी चरित्रकारांनी बरेच लिहिले आहे. रमाबाईंच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की वडील मंडळी मागे राहिली आणि नाशिकात दोघांचाच संसार मांडला गेला.

त्या काळचे नाशिक डोळ्यांपुढे आणून पाहा. पुण्याहून आगगाडीने यावयाचे म्हणजे बोरघाट उतरून कल्याण गाठावयाचे आणि तेथून कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला यावयाचे. स्टेशन गावापासून पाच-सहा मैल दूर; पुढचा प्रवास टांग्याने नाहीतर बैलगाडीने. घोड्यांची ट्राम सुरू व्हावयास अजून दहा-बारा वर्षे होती. गोदावरीवरचा व्हिक्टोरिया पूल, ज्याला आपण आता अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतो, तोही झाला नव्हता. पंचवटीत जावयाचे तर पाण्यातून नाहीतर नावेतून. नुकताच दख्खनचा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. गाव क्षेत्राचे, सोवळ्याओवळ्याचे, क्षेत्रोपाध्यांचे. सुधारक न्यायाधीश म्हणून ज्याचे नाव आधीच गाजलेले, आणि शंकराचार्यांच्या बहिष्काराचा प्रसंग ज्याच्या पक्षावर येऊन गेलेला, त्याच्या बायकोकडे अशा गावाने कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना करवते. माधवरावांचा मात्र या मातीशी जन्माचा संबंध होता. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, आपल्या निफाडचा. पुढचे बालपण कोल्हापुरात गेले, पण सून म्हणून रमाबाई नवऱ्याच्या जन्मभूमीच्या जिल्ह्यातच आल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि येथे त्या पहिल्यांदा घराच्या धनीण झाल्या. आज हे वाक्य वाचून कोणाला विशेष वाटणार नाही. पण जिने पाच वर्षे दुसऱ्यांच्या नजरेच्या धाकात काढली, तिला आज भाजी काय करावयाची हे स्वतः ठरवण्यातही केवढा आनंद असेल! स्वयंपाकघर, नोकरमाणसे, घरखर्चाचा हिशेब सगळे अंगावर आले. त्याबरोबर धास्तीही आली असणार. चुकले तर सांगावयास वडीलधारे कोणी नाही, आणि टोमणा नसला तरी सल्लाही नाही. नवे गाव असे दोन्ही हातांनी देते आणि घेते. आपल्यापैकी ज्या नवऱ्याच्या बदलीबरोबर गावोगाव हिंडल्या आहेत, त्यांना हे मी सांगावयास नको.

आता पुस्तक लपवावे लागत नव्हते. इंग्रजीचा अभ्यास, जो पुण्यात चोरून, भीतभीत चाले, तो येथे उजेडात सुरू झाला. माधवराव कचेरीला गेले की वाचन, आणि रात्री वाचलेले त्यांना म्हणून दाखवणे. कोणतेही शहर कोणाला पहिल्या भेटीत काय देते ते सांगता येत नाही. एखादीला ते देवळे दाखवते, एखादीला बाजार दाखवते. रमाबाईंना नाशिकने दिवसाढवळ्या वाचण्याची सोय दिली.

दुसरी गोष्ट दिली ती मैत्रिणींची. त्या वेळी नाशिकात जॉइंट जज्ज होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे ‘शतपत्रां’चे कर्ते लोकहितवादी. मराठी माणसाला तीस वर्षांपूर्वी खडसावणारी ती लेखणी आता वयाने वडील झाली होती. दोन न्यायाधीशांचे जमले, तसे दोन घरांतल्या बायकांचेही जमले. देशमुखांच्या घरच्या बायका आणि रमाबाई एकमेकींकडे येऊ जाऊ लागल्या. त्यातून गावातल्या बायकांना एकत्र आणावे ही कल्पना निघाली. पण कशी आणावी? सभा म्हटली तर एकही आली नसती. भाषण म्हटले तर घरच्यांनी उंबरा ओलांडू दिला नसता. तेव्हा त्यांनी हळदीकुंकू केले! हळदीकुंकवाला कोण नाही म्हणणार? बायका जमत, मुलींच्या शाळेविषयी बोलणे निघे, शाळेतल्या मुलींचे कौतुक होई. हळदीकुंकवाच्या तबकाआडून मुलींच्या शिक्षणाचा विषय नाशिकच्या माजघरांत शिरला तो असा. आज आपल्या मंडळात चैत्रगौरीचे हळदीकुंकू जुनाट झाले, ते बंद करावे, असा ठराव मधूनमधून येतो. पुढच्या खेपेस तो आला की मी ही हकीकत सांगणार आहे.

याच मुक्कामात नाशिकच्या हायस्कुलातील समारंभात त्या पाहुण्या म्हणून गेल्या आणि आयुष्यातले पहिले जाहीर भाषण त्यांनी केले. ते माधवरावांनी लिहून दिले होते. काहींना यात उणेपणा वाटतो. मला नाही वाटत. पाच वर्षांपूर्वी जिला अक्षर येत नव्हते, तिने पुरुषांनी भरलेल्या सभेत उभे राहून कागद हाती धरून वाचावयाचे, हीच तेव्हाची मोठी गोष्ट. मजकूर कोणाचा होता हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले नसेल. एक बाई उभी राहिली हे मात्र नक्की राहिले असेल. आपल्या मंडळात आभारप्रदर्शनाचे दोन शब्द बोला म्हटले की आजही कित्येकी पदराचे टोक चाळवू लागतात. त्यांनी त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची आठवण करावी आणि खुशाल कागदावर लिहून आणावे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, ११ मे १८७८ रोजी, लोकहितवादी आणि माधवराव यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याचे मूळ तेथे आहे. हे दोघेही तेव्हा नाशिकचे न्यायाधीश. २०२१ च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावे संमेलन नाशिकात भरले तेव्हा मांडवात गर्दी लोटली होती; संमेलनाची मुळे आपल्या गावातल्या दोन घरांच्या बैठकीपर्यंत जातात याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

सुखाचे दिवस मोजके असावेत असा काही नियम आहे की काय कोण जाणे. १८७९ च्या मे महिन्यात सुटीसाठी दोघे पुण्यात होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने तेव्हा सरकार हादरले होते. अशात पुण्यातला बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले. आग लावल्याबद्दल जो पकडला गेला त्या कारकुनाचे आडनाव नेमके रानडे! नाते काही नव्हते, पण संशयाला नाते लागत नाही. माधवरावांची तडकाफडकी धुळ्यास बदली झाली. नाशिकातला मांडलेला डाव तसाच मोडावा लागला. धुळ्यास त्यांची पत्रे फोडून वाचली जात. पाळतीखाली राहणाऱ्या नवऱ्याबरोबर परक्या गावात दिवस काढणे म्हणजे काय, हे रमाबाई सतराव्या वर्षी शिकल्या. पुढे संशय फिटला, पण नाशिकचे दिवस काही परत आले नाहीत.

पुण्यास परत आल्यावर माजघर होते तसेच होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि आपल्या रमाबाई सभांना जाऊ लागल्या. तशात इंग्रजी शिकवावयास एक इंग्रज बाई घरी येऊ लागल्या; त्यांना शिवले म्हणून शिकवणी संपली की स्नान करावयाचे असा घरचा दंडक. रोजच्या त्या अवेळी स्नानाने त्या आजारी पडल्या. १८८४ साली मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा बाहेर टाळ्या आणि घरी शिव्याशाप असा देखावा झाला. पण या खेपेस, आपण पाप तर करीत नाही ना, ही जुनी शंका त्यांच्या मनात आली नसावी असे मला वाटते. मोकळे घर कसे असते ते त्यांनी एकदा पाहिले होते. पाहिलेली गोष्ट कोणी काढून घेऊ शकत नाही.

शहराच्या पहिल्या भेटीची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती हसरी आहे. १८८६ साली माधवराव हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमले गेले आणि त्या कामानिमित्त दोघे कलकत्त्यास राहिली. दारी बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. आमच्याकडे बंगाली कोणाला येत नाही म्हणून रमाबाई त्याला परत पाठवू लागल्या. माधवरावांना ते लागले. ज्या शहरात राहतो त्याची भाषा येऊ नये म्हणजे काय! त्यांनी पुस्तके आणली आणि स्वतः शिकू लागले. एके दिवशी रमाबाईंनी पाहिले तर साहेब दाढी करून घेता घेता मोठ्याने बंगाली वाचताहेत, आणि न्हावी हातातला वस्तरा थांबवून त्यांचे उच्चार सुधारतो आहे! त्यावरून त्यांनी नवऱ्याची यथेच्छ थट्टा केली. पण मग त्या स्वतःही बंगाली शिकल्या. पुण्याच्या पहिल्या भेटीत जिला वर मान करून पाहण्याची सोय नव्हती, ती कलकत्त्याच्या पहिल्या भेटीत नवऱ्याची थट्टा करीत होती. मध्ये नाशिक झाले नसते तर हे झाले असते का, असे मी अनेकदा मनाशी विचारते.

पुढचा इतिहास बहुतेकींना ठाऊक आहे. १८९३ मध्ये माधवराव मुंबईस हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर विधवा झाल्या. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसावयाचे. त्यांनी प्रथम तो शोक पाळला, आणि मग उठून येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना, इस्पितळातल्या रोग्यांना भेटावयास जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये मुंबईचे आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन निघाले. १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी वाचनालयातून मिळवून वाचावे; नवऱ्याविषयी लिहितो असे म्हणत बाईने त्यात स्वतःला कसे लिहून ठेवले आहे ते पाहण्यासारखे आहे. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

पुण्याच्या सेवासदनात विधवांना आणि टाकलेल्या बायकांना शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षण मिळे. लहान मुलींच्या वर्गांबरोबर तेथे मोठ्या वयाच्या बायकांसाठीही वर्ग असत. घरचे काम आटोपून बायका येत. कोणी विशीची, कोणी चाळिशीची, कोणी लाल आलवणातली. ज्या वयात दुर्गाबाईंसारख्यांनी सुनेच्या हातातली पाटी पाहून तोंड फिरवले होते, त्या वयाच्या बायका तेथे पाटी घेऊन बसत, आणि रमाबाई त्यांच्यात जाऊन कोणाचे काय अडले आहे ते विचारीत.